बॉस्टनच्या एका बापाची रोजनिशी

मैत्रिणींनो, घरात वडीलधारं माणूस असलं की दोन गोष्टी हमखास आल्या: त्यांचा देवधर्म आणि त्यांची मुलाबाळांची काळजी. कधीकधी दोन्हींचा जाचही होतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको! पण हे काही आपल्याच घरचं नाही बरं का.

अमेरिका इंग्रजांची वसाहत होती, तेव्हा बॉस्टनमध्ये सॅम्युएल स्युअल नावाचे न्यायाधीश राहत. १६७४ पासून १७२९ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, त्यांनी रोजनिशी लिहिली. पंथ प्युरिटन, म्हणजे अत्यंत कडक. घरात रोज प्रार्थना आणि बायबलचं वाचन. पत्नी हॅना हिला चौदा मुलं झाली, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. प्रत्येक मरण म्हणजे आपल्याला देवाचा काही निरोप आहे, अशी या बापाची समजूत.

१६९६ च्या जानेवारीत त्यांची चौदा वर्षांची बेटी जेवणानंतर एकाएकी हंबरडा फोडून रडू लागली. कारण काय, तर 'माझ्या पापांना क्षमा नाही, मी नरकात जाणार!' वडिलांनी तिच्याबरोबर प्रार्थना केली, धर्मगुरूंना बोलावलं. पण जी भीती घरात रोज वाचून दाखवली जात होती, ती एका प्रार्थनेनं कशी जाणार? देवाची ओळख आपण मुलांना धाकानं करून देतो की मायेनं, याचा विचार आपणही करायला हवा, नाही का?

त्याच वर्षी एक बाळ मृत जन्मलं आणि नाताळाच्या तोंडावर दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्याच दिवशी थोरल्या सॅमनं बायबलमधला उतारा वाचला. त्यात निरपराध्यांना दोषी ठरवण्याबद्दलचं वचन होतं. बापाच्या काळजात चर्रर्र झालं! १६९२ साली सेलमला चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली होती, आणि त्या न्यायासनावर स्युअलही होते. १४ जानेवारी १६९७ रोजी भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर ते उभे राहिले. त्यांचा कबुलीजबाब धर्मगुरूंनी वाचून दाखवला: दोष आणि लाज माझी, मला क्षमा करा. त्या न्यायाधीशांपैकी असं जाहीरपणे म्हणणारे ते एकटेच. पुढे १७०० साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी पुस्तिकाही लिहिली.

मुलीला रडवणारी श्रद्धा आणि बापाला मान खाली घालायला लावणारी श्रद्धा, दोन्ही एकाच घरातली. म्हणून तर गोष्ट सांगावीशी वाटली.

म्हातारपणी तरी सुख? छे! सॅमचं लग्न गव्हर्नरच्या मुलीशी झालेलं. नवराबायकोचं पटेना, तेव्हा मुलगा काही वर्षं बापाकडे येऊन राहिला. व्याही म्हणजे खुद्द गव्हर्नर, बोलायचं कुणाला! शेवटी कसाबसा समेट झाला. १७१७ मध्ये हॅना गेली. दुसरी पत्नी वर्षभरातच वारली. मग अडुसष्टाव्या वर्षी ते एका विधवेकडे साखरेत घोळवलेले बदाम घेऊन जाऊ लागले, आणि बदामांचा भावही रोजनिशीत टिपून ठेवला! बाईंचं म्हणणं, घोडागाडी ठेवा आणि टोप घाला. टोप घालणं त्यांना धर्माला धरून वाटेना. झालं, सोयरीक मोडली. १७२२ मध्ये तिसरं लग्न झालं ते दुसऱ्याच बाईंशी. १७३० च्या १ जानेवारीला ते वारले, तेव्हा चौदांतली तीनच मुलं हयात होती.

आपल्या घरचे आजोबा जप करतात, उपास करतात, करू द्यावेत. पण नातवंडांना ते पापाची भीती घालू लागले, तर गोड शब्दांत मध्ये पडायला कचरू नका. आणि कधी त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' निघालं, तर मागचा हिशेब काढू नका. त्या वयात तेवढं म्हणायला फार बळ लागतं.