मनाची अलिप्तता आणि खात्यातील शिल्लक

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढले. मुख्यमंत्र्यांच्या नावे त्यांनी तसे निवेदन दिले आणि त्यात दरही नमूद केले. यकृत ९०,००० रुपये, मूत्रपिंड ७५,००० रुपये, डोळे २५,००० रुपये. वृत्तपत्रांनी ते दरपत्रक छापले, दोन-चार दिवस हळहळ झाली आणि मग दुसऱ्या बातम्या आल्या.

माझ्या मनातून मात्र ते दरपत्रक गेले नाही, कारण त्या तालुक्यात मी बँकेच्या नोकरीत काही वर्षे काढली आहेत. रविवारच्या मिस्सासाठी तेव्हा परगावी जावे लागे. एरवी आठवडाभर माझ्यासमोर असत ते सातबारावर चढलेले बोजे आणि सोयाबीन हाती लागेल या भरवशावर नवे-जुने केलेली कर्जे. मृगाच्या तोंडावर सोनेतारणाच्या खिडकीशी बायका उभ्या राहत. पदराआड मान वळवून गळ्यातले डोरले काढीत, वजनकाट्यावर ठेवीत आणि काळ्या पोतीचा नुसता दोरा गळ्यात ठेवून बियाण्याच्या दुकानाकडे वळत. ऐहिक वस्तूंच्या त्यागावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, परंतु सोने अंगावरून उतरताना मी पाहिले ते त्या खिडकीशी.

आता दुसरे चित्र. त्या बातमीनंतरच्या उपवासकाळात एका सुखवस्तू धर्मग्रामातील साधनेला मी बसलो होतो. विषय होता पावित्र्यातील वाढ. प्रवचनकार विद्वान होते, वाणी गोड होती. त्यांनी सांगितले की संपत्ती असणे हे पाप नव्हे, मन तिच्यात गुंतणे हे पाप. बंगला असावा, पण मनात बंगला नसावा. सभागृहात समाधानाची एक लहर पसरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाहेर आवारात उभ्या असलेल्या मोटारी पाहिल्या तेव्हा जाणवले की आपण आत आलो तेव्हा जेवढे होते, तेवढेच घेऊन बाहेर पडत आहोत. शिवाय अलिप्ततेचे प्रमाणपत्र अधिक.

या शिकवणुकीविरुद्ध मला येथे भांडायचे आहे. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अर्धी आहे, आणि तिचा सोयीचा तेवढाच अर्धा भाग आपण घेतलेला आहे.

हा युक्तिवाद फार जुना आहे. सुमारे इ. स. २०० मध्ये अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, कोणत्या श्रीमंताचे तारण होईल या प्रश्नावर एक प्रबंध लिहिला. प्रभूने श्रीमंत तरुणाला सर्व विकून टाकायला सांगितले, त्याचा अर्थ त्याने मनातील हव्यास फेकून देणे असा लावला. आपले प्रवचनकार, ठाऊक असो वा नसो, त्याचेच ऋणी आहेत. परंतु क्लेमेंट तेथे थांबला नाही. कोणाजवळच काही नसेल तर भुकेल्याला अन्न कोण देणार, असा त्याचा पुढचा प्रश्न आहे. म्हणजे वस्तू राखायची ती द्यायसाठी. प्रबंधाचा उत्तरार्ध दानाचीच निकड सांगतो. आपण पूर्वार्ध पाठ केला आणि पुस्तक मिटले.

धन्यवचनांचेही आपण असेच केले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हटले आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात सरळ दीनांना, आणि पाठोपाठ धनवंतांना हायहाय आहे. आमच्या घरांतल्या भिंतींवर फ्रेम करून लावलेले वचन जवळजवळ नेहमी मत्तयाचे असते. लूकची फ्रेम मी तरी कोणाच्या दिवाणखान्यात पाहिलेली नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या ग्रंथात तीन प्रकारच्या माणसांचे एक मनन आहे. तिघांनाही दहा हजार डुकाट मिळाले आहेत, आणि ते निव्वळ देवाच्या प्रीतीने मिळवलेले नाहीत. तिघांनाही आसक्तीचे ओझे नको आहे. पहिला मरेपर्यंत ‘सोडायचे आहे’ एवढेच म्हणत राहतो, उपाय काहीच करीत नाही. दुसऱ्याला आसक्ती जायला हवी आहे, पण पैसा राहायला हवा आहे. म्हणजे देवाने आपल्या इच्छेकडे यावे, आपण देवाकडे जायचे नाही. तिसरा, ठेवणे वा न ठेवणे हे सर्वस्वी देवाच्या सेवेवर सोपवतो. वाचकहो, सोळाव्या शतकातल्या त्या स्पॅनिश संताने आपल्याच साधनेचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे असे नाही का वाटत? मनात बंगला नसलेला बंगलेवाला तो हाच, दुसऱ्या क्रमांकाचा.

येथे कोणी म्हणेल, की तिसऱ्यालाही पैसा ठेवण्याची मुभा आहेच. आम्ही तिसरे आहोत. उत्तम. इग्नेशियसना ही पळवाट ठाऊक होती. त्यांनी तेथेच एक टीप जोडली आहे. प्रत्यक्ष दारिद्र्याची मनाला शिसारी वाटत असेल, तर प्रभूने आपल्याला प्रत्यक्ष दारिद्र्यासाठीच निवडावे अशी, मनाविरुद्ध का होईना, प्रार्थना करावी. ही टीप वाचून झाल्यावर आपण कितवे आहोत हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे. माझा क्रमांक मला कळला आहे.

दुसरा आक्षेप मुलाबाळांचा. तो मी हलका मानत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या व कुटुंबाच्या स्थितीला साजेल एवढे राखण्यास हरकत घेतलेली नाही. त्यावर जे उरते ते मात्र निसर्गनियमानुसारच गरिबांचे देणे आहे, असे ते सांगतात. दया नव्हे, देणे. पण ‘साजेल एवढे’ ही रेषा कोठे आहे? आमच्या लहानपणी ती दोन खोल्या आणि एका सायकलीशी होती. आज ती दुसऱ्या सदनिकेच्या पलीकडे गेली आहे, आणि मुलगा परदेशी गेला की आणखी पुढे सरकेल. गरजेचे नाव घेऊन ही रेषा दरवर्षी सरकते आणि उरलेले कधी उरतच नाही.

सेनगावपासून नर्सी दूर नाही. कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान अशी परंपरा आहे. नामदेवांच्या गोतावळ्यातील राका आणि बांका या दांपत्याची कथा त्या भागात म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकली. वाटेवर सोने पडलेले दिसले तेव्हा बायकोला मोह होऊ नये म्हणून राका त्यावर माती लोटू लागला. आणि मागून आलेल्या बांकेने विचारले की मातीवर माती कशाला घालता? कथा सुंदर आहे. पण ती कोणाला सांगायची, यावर तिचा अर्थ फिरतो. राका-बांकेने न घेण्याचे ठरवले होते. गोरेगावच्या शेतकऱ्यापुढे ठरवायला काही नव्हते. त्याला निःसंगतेचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य समजावणे. आणि आपल्याकडे हे होते. दुष्काळी भागातल्या प्रवचनांत संतोष, शहरी धर्मग्रामांत मनाची अलिप्तता, अशी विभागणी कोणी न ठरवता झालेली आहे. ज्याच्या हातात काही नाही त्याला म्हणायचे, आणखी मागू नकोस. ज्याच्या हातात आहे त्याला म्हणायचे, हात तसाच राहू दे, मन तेवढे मोकळे कर.

सोडणारी माणसे महाराष्ट्राने पाहिलेली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ मध्ये ते गेले. त्यांच्या अलिप्ततेला तारीख आहे, आणि त्या तारखेपासून पगार बंद आहे. मात्र लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हेही दिसते की नवऱ्याच्या औदार्याचा हिशेब स्वयंपाकघरात बायकोला जुळवावा लागतो. त्यागाचा निर्णय एकाने घ्यायचा आणि चूल दुसऱ्याने पेटती ठेवायची, हा प्रश्न आमच्या संतचरित्रांत फारसा विचारला जात नाही. विचारायला हवा. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवलेला छोटा त्याग मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

चौथ्या शतकात कप्पदुकियात असाच भयंकर दुष्काळ पडला होता. तेथील संत बेझिल यांनी कोठारवाल्यांना मनाच्या अलिप्ततेबद्दल काही सांगितले नाही. तुमच्या कपाटात पडून असलेले वस्त्र उघड्याचे आहे आणि कोठीतले धान्य भुकेल्याचे आहे, असे त्यांनी बजावले. म्हणजे न देणे हे कंजूषपण नसून चोरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेवरील आपल्या दस्तऐवजात, पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे ही तीच परंपरा पुन्हा मांडली. त्याच्या आदल्या वर्षीच्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण प्रापंचिकांसह सर्वांना आहे असे घोषित करून, त्या प्रकरणाच्या शेवटी संपत्तीच्या आसक्तीचा धोंड वाटेत येऊ देऊ नका, अशी सूचनाही दिली. पाचारणाचे वाक्य आमच्या साधनांत हमखास येते. शेवटच्या सूचनेपर्यंत पोहोचायच्या आत जेवणाची घंटा होते.

मग आपण करतो काय? राखेच्या बुधवारपासून मासे-मटण वर्ज्य करतो आणि वाचलेले पैसे पास्काच्या जेवणावळीत भरून काढतो. असिसीच्या फ्रान्सिसचा संगमरवरी पुतळा बागेत बसवतो. त्याची किंमत ऐकून तो संत बहुधा पुतळ्यासकट पळून गेला असता. लग्नाच्या मंडपासाठी आणि पहिल्या ख्रिस्तशरीराच्या मेजवानीसाठी कर्ज काढतो, आणि आपल्या लेकरांनी आयुष्यात प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला त्या दिवसाची आठवण त्यांच्यापाशी केकच्या उंचीच्या रूपाने राहते. पाकिटातून देणगी देतो हे खरे. पण ती देऊन आपले काहीच अडत नाही. दिल्यानंतर ज्याची उणीव भासत नाही, ते सोडले असे कसे म्हणावे? डोरले काढून ठेवणाऱ्या बाईचा हात वारंवार गळ्याकडे जात असे.

किती सोडावे, हा प्रश्न प्रत्येक साधनेत कोणीतरी विचारतो आणि ‘ज्याने त्याने प्रार्थनेत ठरवावे’ असे उत्तर मिळते. शुभवर्तमानात जक्कयाने आकडा सांगितला होता. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत. प्रभू त्याच्या घरी आला असताना, उभे राहून, सगळ्यांदेखत. जक्कय कर वसूल करणारा होता. आकड्यांवाचून त्याला बोलता येत नसावे. मीही आयुष्यभर आकड्यांतच वावरलो, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मी एक प्लॉट घेतला. राहायला घर आहे, मुले मार्गी लागली आहेत. प्लॉट कशासाठी, याला ‘असू द्यावा’ याखेरीज उत्तर नाही. गोरेगावच्या दरपत्रकाने मी त्याची किंमत काढून पाहिली. किती मूत्रपिंडे होतात ते लिहिण्याचे धैर्य मला नाही. गेल्या उपवासकाळात बायकोशी आणि मुलांशी बसून बोललो. बायको म्हणाली, विकू या. धाकटा म्हणाला, भाव आणखी वाढतील, थोडे थांबा.

प्लॉट अजून माझ्या नावावर आहे.