बादली कुठे मिळते?

यंदा इंडक्शनला मी व्हॉलंटियर होते. खरं सांगते, सर्टिफिकेटसाठी. एआयसीटीईचा हा कार्यक्रम ३ आठवड्यांचा. माझ्या वाट्याला २० फ्रेशर्स आणि एक पीपीटी. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा, २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, सगळं कॉन्व्हेंटी इंग्रजीत घडाघडा सांगितलं. ‘एनी डाउट्स?’ सगळे चूप.

रात्री मेसबाहेर त्यातलीच एक दबकत म्हणाली, ‘‘ताई, बादली कुठे मिळते?’’ मग हळूच, ‘‘सीनियर्सनी रात्री रूमवर बोलावलं तर जावंच लागतं का?’’

अगं, सकाळी मी दुसरं काय सांगत होते! ‘‘जायचं नाही, सरळ रेक्टर मॅडमना सांगायचं.’’ माझं मराठी तोडकंमोडकं (ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका), तरी तासभर बोललो. दुसऱ्या दिवशी ती आणखी चौघींना घेऊन आली.

म्हणून सरांना विनंती, व्हॉलंटियर निवडताना फाडफाड इंग्रजी बघू नका. रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून मराठी-हिंदीत कोण बोलेल ते बघा. पीपीटी अर्ध्या तासात उरका. पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव देणार. सर्टिफिकेट नसलं तरी चालेल. बादलीचं दुकान आता मला माहीत आहे.