किमान तापमान कुठले, किती उंचीवरचे?

थंडीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यासाठी कृषी हवामान सल्ला लिहिताना आपण किमान तापमानाचा एक आकडा देतो आणि तो औंढ्याच्या माळापासून वसमतच्या काळ्या रानापर्यंत सगळ्यांना लागू धरतो. समताप रेषांच्या नकाशाने लावलेली ही सवय. भर दुपारी वारा हवा घुसळत असतो, तेव्हा ती बरीचशी खपून जाते. निरभ्र, निवांत रात्री ती घात करते.

उंचीबरोबर किलोमीटरमागे साधारण 6.5 अंश सेल्सिअसने तापमान उतरते, हे शाळेपासून पाठ आहे. हिवाळ्यातल्या रात्री जमिनीलगत नेमके उलटे होते. जमीन उष्णता आकाशात सोडून निवते. तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन उतारावरून ओघळते, कयाधूकाठच्या खोलगट रानांत साचते. माळावरच्या केळीला फारसे काही होत नाही, हाकेच्या अंतरावर खाली निसवणीतला घड मात्र अडकतो.

उभे अंतर तर याहून नाजूक. भारतात कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारे, पुण्याच्या वेधशाळेतले एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह 1932 मध्ये दाखवले, की अशा रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर मातीला चिकटून नसतो, काही डेसिमीटर वर असतो. कित्येकांना तेव्हा ही मोजणीतली चूक वाटली. आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या कारणांवर रोद्दम नरसिंह यांच्यासारख्यांनी बंगळुरूत काम केले. दाट पिकात तर पानांचा वरचा पसाराच रात्री निवतो. आपला पिंजऱ्यातला तापमापक असतो सव्वा मीटरच्या आसपास.

महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आली, ही मोठीच सोय झाली. केळीच्या हवामान आधारित विम्यात कमी तापमानाचा निकषही केंद्राच्या नोंदीवरच ठरतो. म्हणून ते केंद्र माळावर आहे की ओढ्याकाठी, हे शेतकऱ्याला कळलेच पाहिजे. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र असो की परभणीचे विद्यापीठ, सल्ला लिहिणाऱ्या प्रत्येकाला आमचा आग्रह आहे: आकड्याशेजारी केंद्राची जागा आणि भोवतालचा चढउतार लिहा. येत्या थंडीत एक किमान तापमापक माळावर, एक नदीकाठी, दोन्ही पिकाच्या उंचीला लावा आणि सूर्य उगवण्यापूर्वी वाचा. नोंदी आमच्याकडे पाठवा, जागेच्या वर्णनासह छापू.