जुन्या मशीनचे बेअरिंग : मोजून घ्या, सांगून विका

माझा धंदा कोऱ्या कापडाचा. मशीनच्या पुर्जांशी माझा संबंध एवढाच की, माग चालला तर माझे कापड वेळेवर येते आणि माग थांबला तर मला पार्टीसमोर मान खाली घालावी लागते. दोन वर्षांपूर्वी तशी वेळ आली. मालेगावच्या एका कारखानदार भाईंकडे माझे कापड विणायला होते. ठरलेल्या दिवशी गाठी आल्या नाहीत म्हणून मी स्वतः गेलो, तर चार माग बंद. चारही मोटरींना एकाच दुकानातून नवे बेअरिंग आणून घातले होते आणि पंधरा दिवसांत चारही आवाज करू लागले होते. एका मोटरीत तर बेअरिंग इतके ढिले झाले की रोटर आत घासला आणि वाइंडिंग जळाले. डबी नामांकित कंपनीच्या नावाची होती. आतला माल भंगारातून काढलेला, धुऊन पॉलिश मारलेला.

भाईंनी दुकानदाराकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "सेठ, जुन्या मशीनला असाच माल घालतात. चालून जाईल." या ‘चालून जाईल’बद्दल आज चार गोष्टी लिहायच्या आहेत.

नुकसान कोणाचे?

हिशेब करून पाहा. माग मिनिटाला १२० बाणे टाकतो आणि कापडात इंचाला ४८ बाणे आहेत असे धरा. म्हणजे मिनिटाला अडीच इंच कापड, तासाला १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या थोडे वर. मोटर उतरवणे, बेअरिंग आणणे, बसवणे यात चार तास गेले तर १५ मीटर कापड गेले. चार माग असतील तर ६० मीटर. कारखानदाराचे नुकसान तर झालेच. पण आपल्याकडे विणकराची मजुरी मीटरवर असते. बंद मागाची मजुरी त्याला कोणी देत नाही. दुकानदाराने एका बेअरिंगमागे जे काही जादा कमावले, ते अखेर त्या मजुराच्या आठवड्याच्या पगारातून गेले. ज्याने बेअरिंग विकत घेतले नाही, पाहिलेही नाही, त्याने किंमत मोजली.

जुन्या मशीनची अडचण खरी आहे

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी माग जुन्या इंग्लंडच्या घडणीचे आहेत. कित्येक तर मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले. साध्या मागाचे शाफ्ट बहुतेक बुशवर चालतात, ते बुश गावातला खरादवाला करून देतो. बॉल बेअरिंग लागते ते मोटरीला, कांडी मशीनला आणि इतर फिरत्या भागांना. तिथे जुने माप इंचाचे आणि बाजारातला माल मिलिमीटरचा, अशी गाठ पडते.

चांगला माल घ्यायला आम्ही दोघे मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. तिथे एका जिमखान्याचा माळी रुमालात बेअरिंग बांधून आला होता. गवत कापण्याचे जुने विलायती मशीन, त्याचे हे बेअरिंग. आधी तो दोन दुकाने फिरला होता आणि दोघांनीही ६२०५ हातात दिले होते. या दुकानातल्या बुजुर्गांनी व्हर्नियर लावला आणि आतले माप वाचले : २५.४ मिलिमीटर. म्हणजे पुरा एक इंच. ६२०५ चे आतले माप २५ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, पण २५ चे बेअरिंग एक इंचाच्या शाफ्टवर चढत नाही. मग लोक शाफ्ट घासतात आणि त्या दिवसापासून मशीनचे दुखणे कायमचे होते. बुजुर्ग म्हणाले, "हा इंची माल आहे, आरएलएस ८ म्हणून माग. आज नाही, दोन दिवसांनी ये." त्यांनी गिऱ्हाईक रिकामे पाठवले, पण खरे सांगून पाठवले. माळीही खूश होऊन गेला.

नंबर वाचायला शिका

बेअरिंगच्या नंबरात माप लिहिलेले असते, हे आपल्या कित्येक कारागीर बांधवांना कोणी सांगितलेले नाही. ६२०४, ६२०५, ६२०६ या नंबरांतील शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा. ०४ म्हणजे २० मिलिमीटरचा शाफ्ट, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. चारपेक्षा लहान आकड्यांना हा नियम लागत नाही. तिथे ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. ६२०४ चे पूर्ण माप २०, ४७, १४ आणि ६२०५ चे २५, ५२, १५. म्हणजे आतून, बाहेरून आणि जाडी.

नंबरानंतरची अक्षरेही वाचा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचे सील. कारखान्यात सुताचे रुई-तंतू सतत उडतात आणि ग्रीस शोषून घेतात. तिथे उघडे बेअरिंग घालणे म्हणजे पैसे फेकणे. सी३ असे लिहिले असेल तर आत थोडी जादा ढील आहे असे समजा. ती तापणाऱ्या मोटरीसाठी असते, खराबी नव्हे.

ऑइल सीलचेही तसेच. त्यावर २५-४७-७ असे छापलेले असेल तर शाफ्ट २५, घर ४७, जाडी ७. सीलची स्प्रिंग असलेली ओठाची बाजू तेलाकडे राहिली पाहिजे. उलटे बसवले तर नवे सीलही गळणार. साधे नायट्रिल रबर १०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेपर्यंत टिकते, त्यापुढे व्हिटॉन लागते आणि ते महाग असते. जुन्या शाफ्टवर सीलने खाच पाडलेली असेल तर त्याच जागी नवे सील बसवून उपयोग नाही. एक-दोन मिलिमीटर सरकवून बसवावे किंवा शाफ्टवर स्लीव्ह चढवावी. आणि बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर अस्सल मालही त्याच दिवशी आतून जखमी होतो आणि बदनामी दुकानदाराची होते.

दुकानदार बांधवांना

जुना माल विकणे गैर नाही. धुतलेले बेअरिंग जुने म्हणून, जुन्याच्या किमतीला विकले तर तो सरळ सौदा आहे. गरीब कारखानदाराला कधी तेच परवडते. गैर आहे ती नव्या डबीची चोरी. कायद्यानेही तो गुन्हा आहे. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ प्रमाणे खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

पण आपल्यासाठी त्याहून मोठी अदालत आहे. हजरत पैगंबर (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात असता त्यांनी ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आप (स.) यांनी ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. धान्याला पाऊस लागला हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, ओल खाली दडवली हा गुन्हा होता. आपल्या दुकानात भंगाराचा माल असणे हा पाऊस आहे. तो नव्या डबीत घालणे म्हणजे ओल खाली दडवणे.

आता करायचे काय? कारखानदारांनी जुने बेअरिंग फेकू नये. दुकानात ते सोबत न्यावे, माप घेऊनच नवे घ्यावे आणि पक्के बिल मागावे. फार स्वस्त मिळाले तर खूश होण्याआधी विचार करावा. प्रत्येक मशीनच्या पुर्जांचे नंबर एका वहीत लिहून ठेवावेत. आज ही मापे वयोवृद्ध जॉबर चाचांच्या डोक्यात आहेत. ते गेले की मापेही जातील. जुम्म्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातील दोन शिकलेल्या पोरांनी चाचांजवळ बसून ती उतरवून घेतली तर खर्च एका वहीचा. दुकानदारांनी काउंटरवर एक व्हर्नियर ठेवावा आणि मालाच्या तीन पेट्या वेगळ्या ठेवाव्यात : अस्सल, साधा, जुना. गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे निवडेल.

जाता जाता एक गोष्ट. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर कापडाच्या गिरणीत कामाला होता. जमीन मऊ असल्याने शाफ्ट हलत आणि बेअरिंग सारखे जात. ‘चालून जाईल’ म्हणून तो बसला नाही. शाफ्ट हलला तरी आपोआप जुळवून घेणारे बेअरिंग त्याने १९०७ मध्ये तयार केले आणि त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. आपल्याला नवे बेअरिंग शोधून काढायचे नाही. आपल्याला फक्त आहे ते मोजून घ्यायचे आहे आणि आहे ते सांगून विकायचे आहे. एवढे जमले तरी माग थांबणार नाही आणि मजुराच्या घरची चूलही थांबणार नाही.

अल्लाहतआला आपल्या धंद्यात सचोटी आणि बरकत देवो. आमीन.