बी.एड. नाही, पण इंग्रजी शिकवायचंय

मे महिना लागला की पेपरात ‘शिक्षिका पाहिजेत’च्या जाहिराती सुरू होतात आणि इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या, पण बी.एड. न केलेल्या मुलींचे फोन येऊ लागतात. ‘सर, अर्ज करू का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे : शाळेत नको.

पहिली ते आठवीला शिकवायचं तर 2010 पासून डी.एड. किंवा बी.एड. आणि त्यावर टीईटी लागते. हे माहीत असूनही काही शाळा अशा मुलींना घेतात, कारण त्या स्वस्तात मिळतात. नेमणुकीचं पत्र नाही, सुट्टीतला पगार नाही, मूळ कागदपत्रं मात्र संस्थेच्या कपाटात. माझ्या ओळखीतल्या एकीला स्वतःचं पदवी प्रमाणपत्र सोडवून आणायला वडिलांना सोबत न्यावं लागलं. तपासणी असली की तिला ‘उद्या येऊ नका’ असा निरोप यायचा. वर्गात जीव ओतणाऱ्या मुलीला असं लपवून ठेवणं मला संतापजनक वाटतं.

काम आहे, आणि पुष्कळ आहे, पण शाळेबाहेर. शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई केली आहे, म्हणजे ते काम तुमच्यासाठी मोकळं आहे. मोठ्या कोचिंग क्लासेससाठी केंद्राने 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही शिकवणाऱ्याकडे पदवी मागितली आहे, बी.एड. नाही.

त्यातही मी सांगेन, मोठ्या माणसांना शिकवा. त्यांना मार्क नकोत, उद्याचं काम भागायला हवं. चाकणच्या एका कारखान्यातला सीएनसी ऑपरेटर माझ्याकडे यायचा. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये तो रोज एवढंच लिही : ‘मशीन प्रॉब्लेम’. पुढच्या शिफ्टचा माणूस फोन करून झोपमोड करायचा. आम्ही व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि ते रजिस्टरच धडा म्हणून घेतलं. काय बिघडलं, किती वाजता, मी काय केलं, आता काय करायचं राहिलं : चार प्रश्न, चार छोटी वाक्यं. भूतकाळ तो त्यातच शिकला, आणि रात्रीचे फोन थांबले. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला, कुरिअरवाल्याला, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत गप्प बसणाऱ्या आईला असंच त्यांच्या कामातलं इंग्रजी हवं असतं.

म्हणून शिकवायला शिकायचंच नाही असं नव्हे. इंग्रजी येणं वेगळं, ते दुसऱ्याला यावं म्हणून तास आखणं वेगळं. इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. ऐपत असेल तर केंब्रिजचा सेल्टा करा. त्यात तुम्ही प्रत्यक्ष सहा तास शिकवता आणि मागे बसलेला परीक्षक प्रत्येक तासानंतर चुका सांगतो. तेही जमत नसेल तर एखाद्या चांगल्या शिक्षिकेची परवानगी काढून तिच्या वर्गात महिनाभर मागच्या बाकावर बसा. ती किती कमी बोलते ते बघा.

पहिली बॅच पाच-सहा जणांचीच घ्या. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि ओळखीच्यांनाही फुकट शिकवू नका. फुकटच्या वर्गाला दुसऱ्या आठवड्यात कुणी येत नाही. आणि पाटीवर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अजिबात लिहू नका. एकतिसाव्या दिवशी ती पाटी वाचून आलेल्या माणसाला मुलाखतीला बसायचं असतं.