गुन्हा की खर्चाची बाब?

प्रदूषणाची झळ सर्वांना सारखीच लागते, हा एक सोयीस्कर गैरसमज आहे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सुटले म्हणजे मालकाच्या बंगल्यातील पाणी नासत नाही. नासते ते काठच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे, आणि बुडतो तो मासेमाराचा धंदा. म्हणूनच पर्यावरणाचा प्रश्न हा मुळात विषमतेचा प्रश्न आहे.

या देशात कायद्यांची वाण कधीच नव्हती. १९७४ साली जलप्रदूषणाचा आणि १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारोंचे बळी घेतले. कारखान्यालगतच्या झोपडपट्ट्यांतील गोरगरीब त्यात प्रथम सापडले. त्या आघातानंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने गुन्हेगाराला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने ही कैद काढून टाकली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आणली. ती ठरवणार न्यायालय नव्हे, तर सरकारने नेमलेला अधिकारी. तुरुंगाची वाट उरली ती शास्ती न भरणाऱ्यापुरती. २०२४ साली जलप्रदूषणाच्या कायद्यातही संसदेने याच वळणाची दुरुस्ती केली.

जुनी शिक्षा क्वचितच अमलात येई, खटले वर्षानुवर्षे रेंगाळत, असे या बदलाचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. भोपाळच्या फौजदारी खटल्याचा निकाल लागायला २०१० साल उजाडले. पण कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणे, हा काही उपाय नव्हे. शास्तीचा आकडा जुन्या दंडाहून मोठा आहे हेही खरे. परंतु बड्या उद्योगाच्या ताळेबंदात पंधरा लाख रुपये ही खर्चाची एक बाब ठरते. ज्याला पैसे मोजता येतात, त्याला नदी नासवण्याचा जणू परवानाच मिळतो.

अशा वेळी केवळ निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आवश्यक असते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. कार्यकर्त्यांनी तो सारांश सुनावणीपूर्वी गावच्या चावडीवर वाचून दाखवावा, विहिरींच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि कामगार व शेतकरी यांना एकाच व्यासपीठावर आणावे. रोजगार की स्वच्छ पाणी, असा पेच घालून या दोघांना झुंजवले जाते. ती झुंज थांबली, तरच कायद्याला धार येईल.