पायाळू बाळ आणि छत्तिसावा आठवडा

पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, त्याला जमिनीतले पाणी कळते, विजेपासून मात्र त्याने जपावे, असे आपल्याकडे म्हणतात. माझी आत्या पायाळू. कंबर धरून सारी गल्ली तिच्याकडे येई. तिच्या जन्माच्या वेळी आजीने काय सोसले, हे मात्र कोणी विचारले नाही.

पायाळू म्हणजे कुल्ले किंवा पाय खाली असलेले बाळ. सातव्या महिन्यात चार-पाच बाळांमागे एक असे असते. बहुतेक पुढे आपणहून फिरतात. दिवस भरल्यावर शंभरात तीन-चारच तशी राहतात.

कारणे अनेक : अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जुळे, गर्भजल कमी किंवा जास्त असणे, वार खाली असणे, गर्भाशयात गाठ किंवा त्याचा आकार वेगळा असणे. बऱ्याच बाळंतपणांनी पोट सैल झाले की बाळ आडवेही राहते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळ फिरत नाही. तेव्हा सुनेला बोल लावू नका.

डोके आधी आले की बाकीच्या अंगाला वाट होते. पायाळू बाळाचे अंग आधी येते, डोके मागे अडकू शकते, नाळ दाबली जाते. आडव्या बाळाला सुश्रुतसंहितेत ‘परिघ’, म्हणजे दाराचा अडसर, म्हटले आहे. दिवस भरलेले बाळ कळांच्या वेळीही आडवेच राहिले तर सिझरला पर्याय नाही.

पायाळू बाळाला ३७व्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर पोटावरून हाताने फिरवून पाहतात. निम्म्या वेळा ते जमते. हे काम ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातलेच. घरी पोट चोळून करू नये. २००० साली २६ देशांतील अभ्यासात, ठरवून केलेल्या सिझरने बाळाचा मृत्यू व गंभीर इजा मिळून प्रमाण ५ टक्क्यांवरून १.६ वर आले. मात्र दोन वर्षांनी पाहता दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. म्हणून अनुभवी डॉक्टर काही जणींना नैसर्गिक प्रसूतीही सुचवतात. कसेही जन्मले तरी अशा बाळाचे खुबे तपासून घ्यावेत.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी. भालकीची सून बाळंतपणाला उदगीरला माहेरी जाते, अक्कलकोटची आळंदला तवरुमनेला येते. नवव्या महिन्यात राज्य बदलते, डॉक्टर बदलतो आणि कागद सासरच्या कपाटात राहतात.

म्हणून डोहाळजेवण म्हणा की कुबस, ओटी भरताना तायी कार्ड आणि सोनोग्राफीचे कागदही तिच्या पिशवीत घाला. छत्तिसाव्या आठवड्यात तिच्यासोबत जा आणि विचारा, ‘बाळाचे डोके खाली आहे का?’ पलीकडे असाल तर, ‘मगुविन तले केळगे इदेया?’ उत्तर ‘नाही’ आले तर कळांची वाट पाहू नका. बिदरचे ब्रिम्स, कलबुर्गीचे जिम्स किंवा सिझरची सोय असलेला जवळचा दवाखाना त्याच आठवड्यात ठरवा. पाणी गेले किंवा नाळ दिसली तर लगेच १०८ ला फोन करा.